जोडाशिवायची जमीन

ललितनं सिमेंटचे दोन चौकोन तिच्या पुढ्यात मांडले, हात झटकले आणि विचारलं, "मॅडम, या दोन्हींतला कुठला?" आणि साधनाला तिथे एकच चौकोन दिसत होता. राखाडी, जरा तांबूस छटेचा, पोटात बारीक काळी खडी. दुसरा कुठे ठेवलाय हे मान फिरवून शोधता आलं असतं. पण पुढ्यातली वस्तू कुणी शोधत बसत नाही, नुसती बघतात. शोधणं लोकांच्या लक्षात येतं. म्हणून ती म्हणाली, "हाच बरा वाटतोय."

"हा म्हणजे? तुमच्याकडचा की काकांकडचा?"

"माझ्याकडचा," ती म्हणाली. तिचा नवरा, ज्ञानेश, तिच्या डाव्या अंगाला उभा होता, त्याच्या श्वासावरून तिला ते कळत होतं, म्हणजे दुसरा चौकोन तिकडे असणार. खांद्यावरचा पदर सावरल्यासारखं करत तिनं सावकाश मान वळवली. होता. चांगला दोन फुटांचा, पिवळसर, आणि त्याच्या कडेला ज्ञानेशच्या चपलेचं टोक टेकलेलं. इतका वेळ तो तिथेच होता, उन्हात, सगळ्यांसमोर, आणि तिच्यापुरता नव्हता. मखमलाबाद रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दोन हजार चार सालचा डिसेंबर होता, सकाळचे दहा वाजले असतील, आणि बांधकामाच्या ओल्या भिंतींना गार वास येत होता.

ज्ञानेशला यातलं काहीच जाणवलं नाही. तो आज खुशीत होता. हा प्लॉट म्हणजे त्याच्या वडिलांच्या, गोटीराम विधात्यांच्या, मळ्यातला त्याच्या वाट्याला आलेला तुकडा. इथे आधी मेथी-कोथिंबीर व्हायची, नंतर गुलाब. आता आजूबाजूला बंगले उठले होते आणि ज्ञानेश दुसऱ्यांच्या मळ्यांतली फुलं गोळा करून मुंबईला पाठवायचा धंदा करत होता. पहाटे चारला उठणारा, मोकळ्या आवाजात बोलणारा माणूस. त्याचं लहानपण याच जागेवर कुडाच्या घरात, चिखलात गेलं होतं. पावसाळ्यात अंथरुणापर्यंत ओल यायची, आणि आई, भागुबाई, दर आठवड्याला शेणाचा पो घेऊन सारवायला वाकायची, ते त्यानं साधनाला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "आपलं घर होईल ना, त्याच्या जमिनीत तोंड दिसलं पाहिजे," असंही तेव्हाच म्हणाला होता. आणि ललित आता त्याला नेमकं तेच विकत होता. ललित त्याच्या एका व्यापारी मित्राचा मुलगा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन त्यानं नक्षीच्या काँक्रीटचं काम सुरू केलं होतं. टेम्पोत घालून त्यानं बारा नमुने आणले होते. गुळगुळीत घोटलेले, रंग मुरवलेले, साचा दाबून दगडासारखे केलेले, वरचं सिमेंट धुऊन खडी उघडी ठेवलेले, ओलं असताना झाडू ओढून रेघा पाडलेले.

"टाइल्स काय, सगळेच बसवतात," ललित म्हणत होता. "टाइल म्हटली की जोड आला, जोडात मळ आला. आपला कोबा एकसंध. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत, बेडरूम, पॅसेज, सगळं एक. कुठे जोड नाही, उंबरा नाही. पाणी ओतलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल."

"जोडाशिवायची जमीन," ज्ञानेश म्हणाला. शब्द त्याला आवडला होता.

"हे नमुने आठ दिवस इथेच राहू देत," साधना म्हणाली. "मी बघते."

बघते म्हणताना ती थोडी थांबली होती, पण तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. गेली सहा वर्षं कुणाच्याच काही लक्षात येत नव्हतं आणि याचं तिला कधी नवल वाटायचं, कधी एक विचित्र अभिमान. ती सातपूरच्या एका कारखान्यात ट्रेसर होती. वीस वर्षं. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं उतरवायचे. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तुटक, हे ठरलेलं. तिच्या रेघेला थरथर नव्हती. मग संगणक आले. बाकीच्या बायका माउस शिकल्या, आणि साधनाला पडद्यावरचा बाण सापडेना. बाण हरवायचा. काचेच्या पेटीत सोडलेल्या माशीसारखा तो कुठेतरी असायचा आणि ती हात तसाच ठेवून त्याची वाट बघत बसायची. स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली तेव्हा तिनं पहिल्याच यादीत नाव दिलं. सगळे म्हणाले, विधातेबाई संगणकाला घाबरल्या. त्याआधी एका दुपारच्या सुट्टीत ती एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी अंधाऱ्या खोलीत तिला एका घुमटाकडे बघायला लावलं आणि ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. ती ठिपक्याची वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, झालं. तिला वाटलं होतं अजून सुरूच व्हायचंय. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, आनुवंशिक, कडेकडून आत येत जातो, सावकाश. औषध नाही, असं त्यांनी नीट, शांतपणे सांगितलं, आणि विचारलं, घरात कुणाला होतं का. "नाही," असं ती का म्हणाली ते तिला आजही कळत नव्हतं. घरी आल्यावर चष्म्याचा नंबर वाढला एवढंच सांगितलं. तेव्हा लेक रूपाली बारावीला होती. मग रूपाली इंजिनियरिंगला गेली, मग पुण्याला नोकरीला लागली, मग तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, आणि आनुवंशिक हा शब्द दरवेळी थोडा अधिक जड होत गेला. जे सांगायचं ते आज नको, या परीक्षेनंतर, या पावसाळ्यानंतर, असं करत साधना सहा वर्षं चालत आली होती, आणि त्या सहा वर्षांत तिच्याभोवतीचं जग बांगडीएवढं झालं होतं. बांगडीच्या आत सगळं स्वच्छ. पेपरातली अक्षरं, सुईचं नेढं. बाहेर अंधारसुद्धा नाही, काहीच नाही. मध्यंतरी ज्ञानेशच्या मित्राच्या बायकोनं पुढे केलेला चहाचा कप तिनं घेतलाच नाही, कारण तो बांगडीच्या खाली होता. बाई मनातून रुसली असणार.

घरात होतं. पुंजामामाला होतं. चांदवडला आईचं माहेर. कांद्याची चाळ, पुढे अंगण, आणि मामा सबंध आंधळा. पण लहानपणी साधनाला मामा आंधळा वाटायचाच नाही. तो घरभर, अंगणभर, पार बांधापर्यंत अनवाणी हिंडायचा. एकदा तिनं विचारलं होतं, मामा, तुला कसं कळतं? तेव्हा त्यानं तिचा हात धरून तिला चालवलं होतं. "डोळं मीट. आता ही सारवलेली जमीन, गार लागती का? हां. आता हा दगडी उंबरा. त्याच्या पल्याड मुरूम हाय, टोचंल जरासा. मुरूम सरला का माती, माती सरली का चाळ. लय सोपं हाय, साधे. जमीन बोलती." तिच्या तळव्याला तेव्हा खरंच सगळं वेगवेगळं लागलं होतं. ती आठ वर्षांची होती. पुढे बऱ्याच वर्षांनी, साधनाचं लग्न झाल्यावर, मामाच्या मुलांनी घर नवं केलं. कांद्याला भाव मिळाला होता. उंबरे काढले, अंगण बंद करून घरात घेतलं आणि सगळीकडे एकसारखी गुळगुळीत फरशी घातली, आंधळ्या बापाला ठेच नको म्हणून. मुलं वाईट नव्हती, बापावर जीव होता त्यांचा. आणि त्या फरशीवर मामा हरवला. साधना भेटायला गेली तेव्हा तो मधल्या खोलीत उभा होता, एक हात पुढे करून, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिनं दाराबाहेर जाऊन मुद्दाम मोठ्यानं चपला काढल्या, म्हणजे त्याला सावरायला वेळ मिळेल. "कोण, साधना का?" तो म्हणाला. "मला जरा खाटंवर नेऊन बसव." त्यानंतर तो खाटेवरून फारसा उठलाच नाही. चार वर्षं. लोक म्हणाले, म्हातारपण. तो अठ्ठावन्न वर्षांचा होता.

म्हणून ती रोज दुपारी प्लॉटवर जायला लागली. जेवण उरकलं की रिक्षा करायची, गेटापाशी चपला काढायच्या आणि कुंपणालगत ओळीनं मांडलेल्या बारा चौकोनांवरून चालायचं. पहिल्या दिवशी काहीच उमगलं नाही. इतकी वर्षं चपलेत राहून तळवे बोथट झाले होते. नुसतं गार आणि ऊन कळत होतं. तिसऱ्या दिवशी उघड्या खडीचा चौकोन आणि झाडूच्या रेघांचा चौकोन वेगळा लागला. पाचव्या दिवशी तिला गंमत वाटू लागली. साचा दाबून दगडासारखा केलेला नमुना दिसायला देखणा होता, पण पायाला खोटा लागायचा. दगडाला असतो तसा चढउतार त्यात नव्हता, एकच खळगा पुन्हा पुन्हा यायचा. घोटलेला कोबा मात्र खराच सुंदर होता. त्यावर पाय ठेवला की एक गार, मऊसर शांतता टाचेतून वर यायची. ज्ञानेशला तो का आवडला ते तिला पायानं कळलं. तो नुसता दिसायला नव्हे, लागायलाही चांगला होता, आणि त्याचा तिला त्रास झाला. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं.

भिकन मिस्तरी हे बघत होता. नांदगावकडचा, पन्नाशी उलटलेला गवंडी, बोटांची टोकं सिमेंटनं खाल्लेली. तो भिंतीच्या गिलाव्यावर तळहात फिरवून कुठे फुगवटा आहे ते ओळखायचा, ओळंबा नंतर लावायचा. सहाव्या दिवशी तो चहाचा ग्लास घेऊन तिच्याजवळ आला. ग्लास त्यानं पुढे केला नाही. तिचा हात धरून हातात दिला.

"ताई, बाहेर ओट्याला गुळगुळीत नका करू बरं," तो म्हणाला. "साहेब म्हणत्यात, पण पानी पडलं का माणूस गेलाच. बाहेर खडी उघडी राहू द्या, पायरीच्या कडंला खरबरीत पट्टा. न्हाणीत झाडूच्या रेघा."

"आणि आत?"

"आत तुम्हाला काय पायजे?"

तिनं चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "आत कुठून कुठे आले ते कळलं पाहिजे."

भिकननं मान हलवली असावी. "व्हतंय की," तो म्हणाला. "वल्या कोब्यात दोरी दाबली का रेघ उठती. बारीक. बघणाऱ्याला नक्षी दिसती." एवढं बोलून तो उठला आणि पोरांना पाणी मारायला सांगत निघून गेला. हातात ग्लास देताना त्याला काय कळलं होतं हे तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं माळ्यावरून जुनी पेनं काढली, जाड टोकाची, आणि घराचा नकाशा समोर घेऊन पाच वर्षांत पहिल्यांदा रेघा मारल्या. एका वेळी बांगडीएवढा तुकडा घेऊन. गेटापासून पायरीपर्यंत उघडी खडी. पायरीच्या कडांना खरबरीत पट्टा. ओट्याला झाडूच्या आडव्या रेघा. हॉलमध्ये घोटलेला कोबा, पण दारापासून एक दोरीची रेघ, ती मधोमध जाऊन उजवीकडे वळते, तिथे स्वयंपाकघर. सरळ गेली तर बेडरूम. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी वीतभर खडबडीत पट्टी. पॅसेजच्या भिंतीला कमरेच्या उंचीवर वाळूचा गिलावा, बाकी गुळगुळीत. तिचा हात थरथरला नाही. रात्री जेवताना तिनं तो कागद ज्ञानेशपुढे ठेवला, आणि आपण काहीतरी मोठं मागतोय असं वाटू नये म्हणून लगेच आमटी वाढायला घेतली.

त्यानं कागद उजेडात धरला. "हे काय? एसटी स्टँड आहे की घर?" तो हसला, तसा वाईट हेतूनं नाही. "अगं, एवढ्या जाळ्याजंजाळात ती जमीन दिसणार कशी?"

"बाहेर तर निसरडं नको ना?"

"बाहेर नको, कबूल. न्हाणीतही नको. पण आत का? एक कारण सांग."

कारण तिच्या जिभेवर होतं. तिला वाटलं, आता सांगावं, आमटीची पळी हातात आहे तोवरच सांगावं. "गुळगुळीत जमिनीवर पाय ठरत नाही माझा," ती म्हणाली.

"सवय होईल." त्यानं कागद नीट घडी घालून तिच्या ताटाशेजारी ठेवला. "साधना, मी आयुष्यभर तुझं ऐकलंय. नाही असं म्हणू नकोस. ही एक गोष्ट माझ्या मनासारखी होऊ दे. आईला दाखवायला मिळाली नाही, निदान मी तरी बघीन." त्याचा आवाज उतरला होता. माणसाला हवी असलेली गोष्ट इतकी साधी होती. तिनं "बरं" म्हटलं. त्या रात्री तिला उशिरापर्यंत झोप लागली नाही असं काही झालं नाही, लागली. फक्त सकाळी उठल्यावर, पाय खाली सोडताना, क्षणभर जमीन कुठे आहे हे तिला कळेना.

हॉलचा कोबा गुरुवारी घालायचा ठरला होता. बुधवारी चारच्या सुमाराला ती नेहमीसारखी गेली. ललितची माणसं एक दिवस आधी मोकळी झाली म्हणून काम आजच उरकलंय, हे तिला सांगायला ज्ञानेशनं घरी फोन केला होता. पण ती तेव्हा रिक्षात होती. पुढच्या दाराला भिकननं दोरी बांधून त्यावर लाल फडकं अडकवलं होतं. पण पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून ती अलीकडे मागच्या दारानंच जायची. उन्हातून आत आलं की तिला काही मिनिटं निव्वळ राखाडी दिसायचं, आणि ती ते थांबणं टाळून, पायांच्या भरवशावर चालायची. स्वयंपाकघर आठ पावलं, मग हॉल. बाहेरच्या बाजूला ज्ञानेशचा आणि ललितचा आवाज येत होता. नववं पाऊल तिनं टाकलं आणि ते खाली गेलं. गार. इतकं गार की आधी ते पाणी वाटलं. तिला थांबायला हवं होतं, पण तोल सावरायला दुसरा पाय पुढे पडला, मग तिसरं पाऊल, आणि मग ती हॉलच्या मधे, घोट्यापर्यंत नव्हे पण बोटांच्या वरपर्यंत रुतून, उभी राहिली. बोटांच्या बेचक्यांतून मऊ लगदा वर आला. सारवणासाठी कालवलेल्या शेणात लहानपणी पाय घातल्यावर यायचा तसा. एकाएकी सगळे आवाज थांबले. खिडकीतून कुणीतरी बघत होतं. खिडकी कुठे आहे ते तिला माहीत होतं, बघणारा दिसत नव्हता.

"अगं," ज्ञानेशचा आवाज आला. सकाळपासून चार माणसांनी गुडघ्यावर बसून घोटलेली जमीन त्याच्या डोळ्यांसमोर मोडली होती, आणि तो चिडला होता, जितका कुणीही चिडेल तितका. "दिसत नाही का तुला?"

आपण रोज एकमेकांना हे विचारतो. दूध उतू गेलं, पेला लवंडला, दिसत नाही का. त्याला कुणी उत्तर देत नाही. साधना त्या गार चिखलात उभी होती आणि तिला एकदम फार थकल्यासारखं, आणि हलकंही वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही दिसत."

मग भिकननं एक फळी आणून टाकली, त्यावरून येऊन तिचा दंड धरला आणि तिला मागच्या मागे, तिच्याच पावलांवरून, बाहेर आणलं. "साहेब, पाय धुवा त्यांचे लगेच," तो म्हणाला. "शिमिट खातं कातडीला." ज्ञानेशनं पाण्याच्या टाकीतून बादली भरली. तो उकिडवा बसला आणि तिचे पाय धुऊ लागला. एक पाय, मग दुसरा, बोटांच्या मधून अंगठा फिरवून, फुलांच्या देठांवरची माती काढायची त्याला सवय होती तसा. ललित लांब जाऊन उभा राहिला होता.

"कधीपासून?" ज्ञानेशनं वर न बघता विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

पाणी ओतायचा हात थांबला, पुन्हा चालू झाला. "किती दिसतं?"

"समोरचं दिसतं. तुमचं तोंड दिसतं. तोंड बघताना हात दिसत नाहीत."

"आणि पुढे?"

"पुंजामामासारखं. कधी ते नाही सांगता येत."

त्यानं बादली बाजूला केली. ती त्याच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे बघत होती, कारण बांगडीत तेवढेच मावत होते. तिला वाटलं होतं तो विचारेल, मला का नाही सांगितलंस. तिनं त्याची उत्तरं सहा वर्षं जुळवून ठेवली होती. पण तो म्हणाला, "रूपाली?" तिला रडू आलं ते तिथे.

"साहेब," भिकन दारातून म्हणाला. "अर्धा तास हाय. मग कोबा धरंल. पावलं उठल्यात ती घोटून टाकू का?"

ज्ञानेश उठला. शर्टाच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं आणि आत जाऊन उंबऱ्याच्या जागी उभा राहिला. "घोटा," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "दोरी आहे का तुमच्याकडे?" नकाशा घरी होता. साधनानं तो तोंडानं सांगितला. पुढच्या दारापासून नऊ फूट सरळ, तिथून काटकोनात उजवीकडे. दोरीचं एक टोक भिकननं धरलं, दुसरं ज्ञानेशनं, आणि फळीवर पोटावर झोपून दोघांनी ती ओल्या जमिनीत दाबली. "वाकडी जातेय का?" ज्ञानेश दोनदा विचारत राहिला. ती बाहेर पाय वाळवत बसली होती. सरळ आहे की वाकडी, तिला काय दिसणार होतं. पण ती म्हणाली, "ताणून धरा. ताणली की सरळच जाते."

रूपाली त्या शनिवारी आली. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग आईशी दोन दिवस बोलली नाही. आजाराचं तिला इतकं लागलं नव्हतं. ती बारावीला असल्यापासून आई तिच्यासमोर न दिसता दिसल्याचं करत होती, आणि रूपाली एकदाही आईचा हात धरायला पुढे झाली नव्हती, याचं लागलं होतं. "मला तेवढं तरी करू द्यायचंस," एवढंच ती निघताना म्हणाली. पुण्याला तिनं स्वतःच तपासणी करून घेतली. तशाच घुमटात ठिपके बघितले. डॉक्टर म्हणाले, आज सगळं व्यवस्थित आहे. पण हमी देता येत नाही, दर वर्षी दाखवत जा. चालून आलेल्या स्थळाला तिनं पहिल्याच भेटीत हे सांगून टाकलं. त्यांचा नंतर फोन आला नाही. "बरं झालं," ती फोनवर म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून ते बरं झालं होतं की नाही हे साधनाला ओळखता आलं नाही.

अक्षय्य तृतीयेला ते राहायला आले. आतल्या जमिनीत तोंड दिसत होतं. निदान ज्ञानेश तसं सांगायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोरीच्या रेघेची नक्षीही कौतुकानं दाखवायचा. खोल्यांच्या तोंडाशी खडबडीत पट्ट्या त्यानं नंतर सांगून करून घेतल्या होत्या, जोडांसकट. साधना अनवाणी वावरायची. तिला अजून डोळे मिटावे लागत नव्हते. पण तळव्यांचं आणि जमिनीचं एक बोलणं सुरू झालं होतं, आणि ती ते मध्ये तोडत नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी, ज्ञानेश आत झोपला होता आणि ती स्वयंपाकघरात खाली बसून वर्षाचे गहू निवडत होती, तेव्हा गेट वाजलं. रूपाली येणार होतीच. चपला गेटापाशीच काढल्याचा आवाज आला, याचं साधनाला जरा नवल वाटलं. एवढ्या उन्हात खडी तापलेली असते. पावलं खडीवरून भराभर आली. पायरीशी थांबली. मग काहीच नाही. मग एक पाऊल, फार हळू, घासत, पायरीची कड चाचपत. साधनाचे हात सुपात थांबले. रूपालीची चाल तिला पाठ होती. ती टाच आपटत चालते, लहानपणापासून. ही चाल तिची नव्हती. ओट्यावरच्या रेघांवरून पाय सरकत आले. दारात पुन्हा थांबले. मग घोटलेल्या कोब्यावर आले, आणि तिथे जवळजवळ आवाजच उरला नाही, फक्त मधूनमधून त्वचा सुटल्याचा बारीक चट् असा आवाज. ती रेघ शोधत होती. सापडली असावी, पावलं सरळ येऊ लागली, एक, एक, एक. जिथे रेघ वळते तिथे ती चुकली आणि थोडी पुढे गेली. उभी राहिली. घरात इतकं शांत होतं की दोघींचे श्वास ऐकू येत होते. साधनाला वाटलं, उठावं, जाऊन तिला धरावं, म्हणावं, तुला नाही लागणार हे, तू नको शिकूस. ती उठली नाही.

"एक पाऊल मागे ये," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "तिथून उजवीकडे."

पाऊल मागे गेलं, बाजूला सरलं, वळलं. मग दाराशी खडबडीत पट्टीचा आवाज आला आणि ती आत आली. मांडी घालून तिच्या शेजारी बसली, गुडघ्याला गुडघा लागला. तिला घाम आला होता. तिचे डोळे उघडे होते की अजून मिटलेलेच होते, ते साधनाला दिसलं नाही आणि तिनं मान वळवली नाही. सुपात रूपालीची बोटं आली आणि गव्हातून खडे शोधू लागली.